तैलपायिका आणि टाकणखार

दसरा झाला, की आमच्या घरी माळा उतरवतात. तांब्याची घंगाळी, जुन्या परड्या, वडिलांनी बांधून घेतलेले मासिकांचे गठ्ठे आणि आजीची पत्र्याची ट्रंक असा सारा संसार दोन दिवस बैठकीच्या खोलीत येऊन बसतो. घरातील माणसे मग या वस्तूंच्या मधून वाट काढीत हिंडतात. आजपर्यंत या कामात माझा वाटा एवढाच, की एखादा जुना अंक उघडून तिथेच वाचीत बसायचे आणि बायकोकडून बोलणी खायची. गेल्या वर्षी मात्र मला कंबर बांधून कामाला लागावे लागले. त्याचे कारण झुरळे.

कारण नीट सांगितले पाहिजे. माझी सात वर्षांची नात आमच्याजवळ राहते. पावसाळ्यात तिला धाप लागू लागली. रात्री दोन वाजता उठून बसायची, छातीत मांजर गुरगुरावे तसा आवाज यायचा, आणि खिडकीच्या गजांना धरून ती श्वास ओढायची. डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छाती तपासली आणि पहिलाच प्रश्न केला, "आजोबा, घरात झुरळे आहेत का?" खरे सांगतो, मला तो अपमान वाटला. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, घर जुने असले तरी नेटके आहे, आणि हा कालचा मुलगा मला झुरळे विचारतो! पण झुरळे होती. मोरीच्या जाळीतून वर येणारी मोठी तांबडी होती आणि ओट्याखालच्या फटीत राहणारी लहान, बदामी रंगाची होती. ती सगळ्यांच्याच घरात असतात अशी आमची समजूत होती, आणि म्हणून ती नसल्यासारखीच होती.

डॉक्टरांनी सांगितले ते पुढे मी स्वतः वाचून पडताळले. झुरळाची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात यांची धूळ काही माणसांच्या श्वासाला बाधते, हे वैद्यकाने १९६४ साली प्रथम नोंदले. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या दाट वस्तीतील दमेकरी मुलांची पाहणी होऊन १९९७ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा झुरळांची बाधा असलेली आणि झुरळांच्या घरात राहणारी मुलेच अधिक वेळा इस्पितळात जातात असे दिसले. म्हणजे माझ्या नातीच्या रात्रींचा आणि आमच्या मोरीचा संबंध होता.

मग आम्ही, कोणीही केले असते तेच केले. फवारणी करणारी माणसे बोलावली. त्यांनी तोंडाला फडकी बांधली, घरभर धुके केले, पैसे घेतले आणि वास राहत नाही असे सांगून ती निघून गेली. त्या रात्री पोरीचा श्वास असा अडकला, की तिला खांद्यावर घेऊन मी चार मजले उतरलो. माझे वय तेव्हा पंचाहत्तर होते. रिक्षात तिचे बोट माझ्या सदऱ्याच्या गुंडीला घट्ट धरलेले होते, ते दवाखान्याच्या दारातही सुटेना. डॉक्टर एवढेच म्हणाले, "झुरळे घालवा, पण हवेत काही उडवू नका."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, जन्मभर पोरांना इतिहास शिकवलात. फवारे येण्याआधी माणसे काय करीत होती, ते बघा की."

मी बघू लागलो.

आपल्याकडे हा प्राणी जुना आहे याचा पुरावा भाषेत आहे. संस्कृतात त्याचे नाव तैलपायिका, म्हणजे तेल पिणारी. अमरकोशात हा शब्द आहे. बंगाली लोक अजून झुरळाला तेलापोका म्हणतात, तो याचाच वंशज. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या चोरीने कोणता जन्म मिळतो याची यादी आहे, तीत तेल चोरणारा तैलपक होतो असे सांगितले आहे. तैलपक म्हणजे पंख असलेला जीव एवढे तिथे स्पष्ट आहे, आणि टीकाकारांच्या परंपरेने तो झुरळच मानला आहे. ज्याने ही यादी केली, त्याने रात्री दिवा लावताना पणतीच्या काठावर मिशा हलवणारा हा प्राणी नक्की पाहिला असला पाहिजे. नुसत्या कल्पनेने असली शिक्षा सुचत नाही.

ही ओळख किती जुनी, याचे एक उत्तर अलीकडे विज्ञानाने दिले. ओट्याखालच्या लहान बदामी झुरळाला शास्त्रज्ञ जर्मन झुरळ म्हणतात, कारण लिनियसने १७६७ साली त्याला तसे नाव दिले. वास्तविक रशियन लोक त्याला प्रशियन म्हणत आणि जर्मन लोक रशियन. सात वर्षांच्या युद्धात सैन्यांच्या शिधापेट्यांतून ते इकडून तिकडे गेले असावे, आणि ज्याने त्याने शत्रूच्या नावावर खपवले. २०२४ साली सतरा देशांतील २८१ झुरळांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा, की हे झुरळ जर्मन नाही आणि रशियनही नाही. भारत-म्यानमारच्या बाजूला शेतात-रानात राहणाऱ्या एका झुरळापासून सुमारे २१०० वर्षांपूर्वी ते वेगळे झाले आणि माणसाच्या घरात शिरले. तिथून सुमारे बाराशे वर्षांपूर्वी ते व्यापारी आणि फौजा यांच्याबरोबर पश्चिम आशियात गेले, आणि युरोपात पोहोचायला त्याला अठरावे शतक उजाडले. म्हणजे सातवाहनांच्या आसपासच्या काळात हिंदुस्थानच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात जे घडले, त्याची फळे आज सारे जग भोगत आहे. आपल्या प्राचीन निर्यातीच्या याद्यांत मिरी, मलमल आणि हस्तिदंत येतात. ही एक वस्तू कोणी लिहिली नाही.

मोरीतले मोठे तांबडे झुरळ मात्र परके. त्याला अमेरिकन म्हणतात, तेही खोटेच. १७५८ मध्ये लिनियसने ते नाव दिले तेव्हा ते अमेरिकेत होते एवढेच. त्याचे माहेर आफ्रिका. जेम्स रेन या कीटकशास्त्रज्ञाने १९४५ साली दाखवले, की गुलामांना नेणाऱ्या जहाजांतून ते अटलांटिक ओलांडून गेले. ज्या तळघरांत साखळदंडांनी बांधलेली माणसे कोंबली होती, तिथेच हे प्राणी मोकळे फिरत होते.

आता उपाय. आमच्या आजीचा उपाय धुराचा होता. संध्याकाळी ती निखाऱ्यावर कडुनिंबाची वाळकी पाने, मोहरी आणि थोडे मीठ टाकून ते धुपाटणे कोनाकोनातून फिरवी. ही तिची खास युक्ती असे मी समजत होतो. पुढे सुश्रुतसंहिता चाळताना शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या खोलीचे वर्णन वाचले, तर तिथे मोहरी, निंबपत्रे, मीठ आणि तूप यांचा धूप रोज दोन वेळा द्यावा असे सांगितलेले. दीड-दोन हजार वर्षांचा पाठ एका निरक्षर बाईच्या हातात जसाच्या तसा राहिला होता. तिथे तो राक्षसांच्या बंदोबस्तासाठी आहे. आजीला राक्षस भेटले नव्हते, तिने तो डास, चिलटे आणि झुरळे यांच्यावर चालवला. पण आमच्या घरात आता धूर चालणार नव्हता. ज्या छातीला फवारा सोसला नाही, तिला निखाऱ्यावरचा धूर कसा सोसावा? सुश्रुतांची क्षमा मागून मी तो उपाय बाजूला ठेवला.

आजीचा दुसरा उपाय वेखंडाचा. तिच्या ट्रंकेत शालूच्या घडीत वेखंडाचे कांडे असे. ती ट्रंक आज उघडली तरी तो वास येतो, आणि शालूला एक भोक नाही. कपड्यांना लागणाऱ्या किड्यांना वेखंड दूर ठेवते यात शंका नाही. तमालपत्र, लवंग, काकडीची साल हे त्याच जातीचे उपाय. त्यांच्याविषयी माझे मत प्रयोगानंतर असे झाले, की झुरळाला हा वास नको वाटतो, म्हणून ते शेजारी जाते. आम्ही फडताळात लवंगा ठेवल्या त्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या घरी झुरळे वाढली. त्यांनी तमालपत्र ठेवले, तेव्हा ती परत आली. दोन घरांत अशी त्यांची ये-जा सुरू झाली. झुरळ झटकावे तसे झटकले असे आपण म्हणतो, पण झटकलेले झुरळ कुठेतरी पडतेच.

इंग्लंडातली तऱ्हा आणखी निराळी. व्हिक्टोरिया राणीच्या काळी लंडनच्या स्वयंपाकघरांत काळी झुरळे खाण्यासाठी साळिंदराच्या तोंडवळ्याचा, पण मुठीएवढा काटेरी प्राणी पाळीत, आणि तो बाजारात विकत मिळे. आपल्याकडे ते काम पालीने आणि भिंतीवरच्या मोठ्या चपट्या कोळ्याने केले. आजी पालीला झाडू मारू देत नसे. आम्हाला ती शकुनाची गोष्ट वाटे. कॅप्टन ब्लायने 'बाउंटी' जहाज ताहितीला नांगरून पडले असताना सामान किनाऱ्यावर उतरवून जहाजभर उकळते पाणी ओतवले होते, तेही झुरळांसाठीच. पुढे त्याच्या खलाशांनी बंड केले ते अर्थात दुसऱ्या कारणांनी.

आमच्या मुंबईत मात्र झुरळांचे राज्य वाढले ते पाण्याच्या वाटेने. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले, त्यानंतरच्या दशकांत जमिनीखालची गटारे आली. शहराचे आरोग्य त्यामुळे सुधारले यात वाद नाही. पण विहिरीचे पाणी कळशीने आणून अंगणात सांडणाऱ्या घराला गटाराशी जोडणारी वाट नव्हती. नळ आला, तसा प्रत्येक बिऱ्हाडाच्या कोपऱ्यात मोरी आली आणि तिच्या जाळीखाली एक अंधारा, ओला, उबदार रस्ता सुरू झाला, तो थेट समुद्रापर्यंत. तांबड्या झुरळाला यापेक्षा काय हवे? कोठल्याही चाळीत रात्री बारानंतर मोरीत दिवा लावून पाहावे, म्हणजे हा रस्ता किती वाहता आहे ते कळते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग ओळखला गेला. ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगश हे गोव्याचे. त्यानंतर दोन-तीन वर्षे मुंबईची घरे जितकी धुतली, पुसली, पांढरी केली गेली तितकी कधी गेली नसतील. सरकारी टोळ्या भिंतींना चुना फासत, औषधी पाण्याचे बंब मारीत, कौले काढून उन्हाला आत घेत, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरे रंगवीत. लोकांना त्या टोळ्यांची दहशत प्लेगाइतकीच होती. पुण्यात रँडचा खून झाला तो १८९७ साली, याच दहशतीतून. तेव्हा रोगाचा वाहक उंदरावरची पिसू आहे हे सिद्ध व्हायचे होते, आणि टोळ्यांचा बराच मारा चुकीच्या शत्रूवर होता. तरी चुना आणि ऊन या दोन गोष्टी मला त्या हकिकतीत महत्त्वाच्या वाटतात. चुन्याने भिंतीच्या फटी बुजतात, उन्हाने ओल जाते, आणि फट व ओल गेली की झुरळाला घर उरत नाही. दिवाळीआधी भिंतींना चुना काढणारे आपले पूर्वज याच कामाला लागलेले होते, मात्र हातात बंदूकवाला सोजीर न घेता. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सुपे आणि डिंडिम वाजवून अलक्ष्मीला हाकलण्याचा विधी धर्मसिंधूत आहे. अलक्ष्मी कोणत्या दाराने जाते ते शास्त्रात नाही. माझा संशय मोरीवर आहे.

फवारा हाही मुळात वनस्पतीतून आला, हे मला या शोधात कळले आणि थोडा राग निवळला. शेवंतीच्या कुळातले एक पांढरे फूल आहे, पायरेथ्रम. त्याची वाळवून केलेली पूड किड्यांना काही क्षणांत लुळे करते. कॉकेशसच्या बाजूने ही पूड युरोपात गेली. योहान झाखर्ल नावाच्या व्यापाऱ्याने तिफ्लिसहून ती व्हिएन्नात आणली आणि त्याच्या घराण्याने तिच्यावर एवढे धन मिळवले, की डोब्लिंग भागात मशिदीच्या घाटाचा रंगीत कारखाना उभारला. जपानात उएयामा एइइचिरो याने १८९० मध्ये याच पुडीची उदबत्ती केली. ती फार लवकर विझते, म्हणून तिला वेटोळे द्यावे ही सूचना त्याच्या बायकोची, आणि १९०२ पासून वेटोळी बाजारात आली. १९२३ मध्ये अमेरिकेत 'फ्लिट' निघाले. माझ्या लहानपणी पत्र्याच्या पंपाला, औषधाला आणि फवारण्याच्या क्रियेला आम्ही एकच शब्द वापरीत होतो. वडील रविवारी "फ्लिट मारतो" म्हणाले, की आम्ही मुले गॅलरीत जाऊन उभे राहत होतो.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी फुलातले द्रव्य ओळखले, १९४९ नंतर तसलेच द्रव्य कारखान्यात करू लागले, आणि आज फरशीवर ओढायच्या खडूत किंवा डब्यातल्या फवाऱ्यात जे असते, ते बहुतेक त्या फुलाचे कारखान्यात जन्मलेले नातवंड असते. फूल असो की नातवंड, उडवले तर हवेतच जाणार. तेव्हा तेही आमच्या कामाचे नाही.

मधल्या काळात डीडीटी आले. पॉल म्युलरने त्याचा किडे मारण्याचा गुण १९३९ मध्ये शोधला, त्याला १९४८ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे १९५३ पासून हिवतापाच्या मोहिमेत घराघरांच्या भिंतींवर ते मारले गेले. हिवतापाने लाखो माणसे मरत होती, तेव्हा त्या मोहिमेला आज घरात बसून नावे ठेवणे मला पटत नाही. पण विषाने किडा संपेल ही समजूत मात्र लवकरच खोटी ठरली. टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी गावची झुरळे क्लोरडेन या विषाला दाद देईनाशी झाल्याचे १९५३ साली प्रसिद्ध झाले. याहून नवलाची हकिकत पुढची. विषात गोड कालवून आमिष ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा काही लहान झुरळांनी गोडच टाकून दिले. १९९३ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली आणि २०१३ मध्ये तिचे कारण सापडले. या झुरळांच्या तोंडातील कडू ओळखणारे मज्जातंतूच ग्लुकोजला जागे होतात, म्हणजे त्यांना गोड कडू लागते. ज्यांना गोड गोड लागत होते ती मेली, आणि ज्यांची जीभ जन्मतः उलटी होती त्यांची प्रजा वाढली. यात झुरळाची हुशारी काही नाही. मरणाने केलेली ती निवड आहे.

या विषयात पडलेली माणसेही मोठी तऱ्हेवाईक. बिहारमधील पुसा येथे सरकारी कीटकशास्त्रज्ञ असलेल्या हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याने १९०९ मध्ये हिंदुस्थानातील कीटकांवर मोठा ग्रंथ लिहिला. परत गेल्यावर त्याने वेस्टमिन्स्टर हॉलच्या तुळया पोखरणारे भुंगेरे मारले, त्या औषधावर कंपनी काढली, आणि १९२५ मध्ये विषारी वायूचा प्रयोग करीत असताना आपल्याच प्रयोगशाळेत प्राण गमावला. मला त्याची आठवण फवारणीवाल्यांच्या तोंडावरची फडकी पाहून झाली होती.

शेवटी मी टाकणखारापाशी येऊन थांबलो. टाकणखार, सवागी, संस्कृतात टंकण. सोनार दागिन्याचे सांधे जोडताना वापरतो तोच. आमच्या लहानपणी बाळाच्या तोंडात व्रण झाले, की टाकणखाराची लाही मधातून लावीत. आता डॉक्टर तसे करू देत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. हा खार तिबेटातल्या सरोवरांच्या काठी आणि लडाखमधील पुगा खोऱ्यात गरम झऱ्यांजवळ जमिनीवर साचतो. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लहान पिशव्या लादून तो हिमालयाच्या खिंडींतून खाली येत असे, आणि पुढे थेट युरोपपर्यंत जाई. इंग्रजीत कच्च्या टाकणखाराला जो शब्द आहे, तो टंकणाचाच अपभ्रंश. १७०२ मध्ये पॅरिसमध्ये होम्बर्गने त्यापासून एक पांढरे, चकचकीत आम्ल काढले. तेच बोरिक आम्ल. पुढे इटलीत तोस्कानाच्या उकळत्या डबक्यांतून आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून ते पिंपांनी निघू लागले, आणि मेंढ्यांचा तो व्यापार बसला.

बोरिक पावडर मराठी माणसाला शिकवायला नको. कॅरमच्या फळीवर सोंगट्या सरकाव्यात म्हणून आपण जी पावडर टाकतो, ती हीच. गिरगावच्या चाळीत आम्ही रात्र-रात्र कॅरम खेळलो, आणि ज्या खोलीत फळी असे तिथे झुरळे कमी असत. त्याचा संबंध कोणी जोडला नाही.

तिचे काम धीमे आहे, आणि तोच तिचा गुण. झुरळ मोठे टापटिपीचे असते. पायाला, मिशीला धूळ लागली, की ते ती तोंडातून ओढून साफ करते. त्यातून पावडर पोटात जाते आणि काही दिवसांनी ते मरते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील वॉल्टर एबलिंग आणि त्याचे सहकारी यांनी १९६६ मध्ये दाखवले, की चटकन मारणाऱ्या पुष्कळ पुडींचा झुरळांना आधीच सुगावा लागतो आणि ती त्या जागा टाळायला शिकतात. बोरिक आम्लाचा त्यांना तिटकारा नाही, म्हणून ते उशिरा मारूनही अधिक मारते. शिवाय ते हवेत तरंगत नाही, जिथे ठेवाल तिथे राहते. मात्र ते ओले झाले की निकामी, आणि अंड्यांवर त्याचा काही इलाज चालत नाही.

नैसर्गिक म्हणून ते निरुपद्रवी असे मात्र कोणी समजू नये. पोटात गेले तर मुलाला ते विषच आहे. आमच्या गोळ्या आम्ही ओट्याच्या मागच्या फटीत, फडताळाच्या पाठीमागे आणि गॅसच्या नळीच्या भोकात ठेवल्या. नातीचा हात पोहोचेल अशा कोठल्याही जागी ठेवल्या नाहीत. कणीक, किसलेला कांदा आणि पावडर असे मिश्रण. गोडाची वरील हकिकत वाचल्यामुळे साखर घातली नाही. बायको म्हणाली, "झुरळांसाठी थालीपीठ करायची वेळ आणलीत."

पण लवंगांचा धडा मी विसरलो नव्हतो. एकट्याच्या घरात हे करून भागणार नाही, हे चाळीत वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. सगळ्या मजल्यांची मोरी एकाच नळावर असते. मी संध्याकाळी सोळाही बिऱ्हाडांचे दार वाजवले. या वयात दारोदार झुरळांविषयी बोलताना मला संकोच वाटला. पहिल्या दोन घरांतून "आमच्याकडे नाहीत हो" असेच उत्तर आले, जसे मी डॉक्टरांना देणार होतो. तिसऱ्या घरात मी नातीची रात्र सांगितली. मग त्या बाईच घरोघर गेल्या. एका रविवारी सगळ्यांनी मोऱ्या उकळत्या पाण्याने धुतल्या, जाळ्यांखाली बारीक जाळी बसवली, फटी सिमेंटने बुजवल्या, आणि त्याच रात्री सगळ्या घरांत गोळ्या ठेवल्या. तीन आठवड्यांनी अंडी फुटून नवी पिल्ले निघाली असतील, या हिशेबाने पुन्हा ठेवल्या. रात्री ओट्यावर उष्टे नाही, थेंबभर पाणी नाही, हा नियम सर्वांना जड गेला. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तो अजून मानलेला नाही.

या खटपटीत एक दिवस दुपारी मी ज्याच्यासाठी सारे सोडून बसलो, ते सांगितले पाहिजे. गॅलरीत कुंडीमागे एक निळी-हिरवी, पाचूसारखी चकाकणारी माशी मोठ्या तांबड्या झुरळावर बसलेली दिसली. तिने त्याला डंख केला, त्याची मिशी अर्धी तोडली, आणि मग उरलेली मिशी धरून ती त्याला दावणीच्या गुरासारखे भिंतीतल्या भोकाकडे नेऊ लागली. झुरळ जिवंत होते, चालत होते, पण पळायची इच्छा त्याच्यात उरली नव्हती. ही माशी त्याच्या मेंदूतच नेमका डंख करते. भोकात नेऊन त्याच्यावर अंडे घालते, तोंड बुजवते, आणि काही आठवड्यांनी झुरळाच्या पोकळ देहातून नवी निळी माशी बाहेर येते. १९४१ मध्ये हवाई बेटांवर झुरळांच्या बंदोबस्तासाठी ही मुद्दाम नेऊन सोडली, पण झुरळांच्या संख्येपुढे तिचा पाड लागला नाही.

मी पाहत असताना मला भागवतातला भ्रमर-कीटन्याय आठवला. माशीने घरट्यात कोंडलेला किडा तिच्या ध्यासाने माशीच होतो, हा अवधूताचा एक गुरू. एकनाथांनी त्या अकराव्या स्कंधावर १५७३ मध्ये काशीत टीका पुरी केली. बंगालमध्ये हाच दृष्टांत झुरळ आणि चकाकणारा काचपोका यांच्या नावाने सांगतात, आणि रामकृष्ण परमहंसांच्या बोलण्यात तो येई. ज्याने प्रथम हे पाहिले, त्याने भोकात गेलेले झुरळ आणि बाहेर आलेली माशी ही दोन टोके बरोबर पाहिली होती. मधल्या अंधारात काय होते ते त्याला दिसले नाही, आणि तिथे त्याने ध्यान घातले.

नातीला मी हे सारे दाखवले. तिने विचारले, "आजोबा, झुरळाला दुखत असेल का?" मला उत्तर देता आले नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला दोनदा धाप लागली, या पावसाळ्यात एकदा. औषध चालू आहे, आणि डॉक्टर श्रेय औषधालाही देतात. त्यात किती वाटा पावडरीचा, ते मी सांगू शकत नाही. मोरीत रात्री दिवा लावला तर आता एखादेच दिसते.

काल माळा उतरवला. वडिलांनी बांधलेल्या अंकांपैकी एका जुन्या दिवाळी अंकाच्या पाठीवरची खळ झुरळांनी पूर्वीच खाल्ली होती आणि शिवण मोकळी पडली होती. त्या शिवणीत काळपट रंगाची, चवळीच्या दाण्याएवढी एक अंड्याची पेटी चिकटलेली सापडली. ती फुटलेली आहे की भरलेली, हे चष्मा लावूनही कळेना. पेटी खरवडून उकळत्या पाण्यात टाकली. अंक सध्या गच्चीत उन्हात पडला आहे, आणि वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून नातीने त्याच्यावर कॅरमचा स्ट्रायकर ठेवला आहे.